रॉटरडॅमचं पिंप

आधी नळ बंद कर, निल्झा.
इथे मिंडेलोत पाणी समुद्रातून गाळून येतं,
एकेका बादलीचे पैसे मोजावे लागतात.
आता बोट बुडव या वाटीत. एरंडेल आहे.
आणि धू नुसत्या पाण्याने.
बघ, कसं निघून गेलं पाणी,
भांडलेली शेजारीण जाते तसं, स्पर्शही न करता.

आता शांपूचा एकच थेंब.
त्यातल्या कणाकणाला
पाण्याचं वेड लागलेलं डोकं असतं
आणि तेलाची ओढ असलेलं शेपूट.
तळ्यात मळ्यात, दोन्हीकडे.
माणूस असा वागला तर आपण नावं ठेवतो,
माझं दुकान त्याच स्वभावावर चालतं.
शेपट्या तेलात रुततात, डोकी बाहेर राहतात,
मळाभोवती कोंडाळं होतं
आणि पाणी आलं की
डोक्यांना धरून अख्खं गाठोडं घेऊन जातं.

फेस? फेस म्हणजे हवा.
गिऱ्हाइकाला बरं वाटतं, म्हणून थोडा.
जितका फेस तितक्या बादल्या.

आम्ही तिघी बहिणी.
आई एक, बाप एक, केस तीन गावचे.
इल्दाचे सरळ, टाळूचं तेल घसरगुंडीवरून यावं तसं
संध्याकाळपर्यंत टोकाला.
ओर्लांदाचे लाटांचे, दोन्हींच्या मध्ये.
माझे हे असे, स्प्रिंगा.
तेल पहिल्याच वळणावर दमून बसतं,
टोकं जन्मभर उपाशी.

मामा रॉटरडॅमच्या गोदीत होता.
नाताळाआधी त्याचं निळं पिंप बोटीने यायचं.
तांदूळ, कुणाच्याही मापाचे नसलेले बूट,
आणि तळाशी हिरव्या बाटल्या,
वर डच अक्षरं, घरात कुणालाच न लागणारी.
शनिवारी आई आम्हाला ओळीने बसवायची,
तिघींना एकच बाटली.
इल्दा चमकायची.
मी तुटायचे. उशीवर, फणीत, आईच्या मुठीत.
"हट्टी आहेत तुझे," ती म्हणायची,
आणि आणखी जोरात चोळायची.

पंचवीस वर्षांनी मामा परतला तेव्हा
आई त्याच जुन्या बाटलीतून इस्त्रीवर पाणी शिंपडत होती.
त्याने सहज चष्मा लावला, सहज वाचलं:
लवकर तेलकट होणाऱ्या केसांसाठी. रोज वापरू नये.
आई काही बोलली नाही.
इस्त्री उभी केली.
मग माझ्या मागे येऊन
केसांत बोटं घातली, टोकाकडून, सावकाश,
जशी घालायला हवीत तशी.

म्हणून सांगते, बाटलीआधी केस हातात घे.
कुरळे असतील तर सौम्य शांपू, तोही फक्त टाळूला.
टोकांना गळणारं पाणी पुरतं,
वरून कंडिशनर सढळ हाताने.
तेलकट टाळू दिसली तर तो कडक चालेल,
पण नख लावायचं नाही, बोटाची पेरं.
रंगवलेल्या केसांची कौलं आधीच उचकटलेली,
तिथे किंचित आंबट शांपू, कौलं मिटून घेणारा.
आणि वाळवंटावरून धूळ येते त्या आठवड्यात
सगळेच म्हणतील, अजून एकदा धू.
नुसतं पाणी घाल. बहुतेकांना तेवढंच पुरतं.
चुकशील. मीही चुकते.
मागच्या महिन्यात एका नवरीचं डोकं
पार गवत करून ठेवलं होतं मी.

दार वाजलं. आई असणार, शुक्रवार आहे.
तिचे आता पांढरे, विरळ, वाळलेले.
तिला तो बिनवासाचा, सौम्य. तो फेसत नाही,
आणि तिला फेस हवा असतो,
कानांवरून ओघळेल इतका.
दोनदा लाव.
तिसऱ्यांदा मागेल, तेव्हाही लाव.
नळ सोड, निल्झा.
तिच्या बादल्या मोजायच्या नाहीत.